घरच्या नेटच्या मागे दुसरा राउटर लावून लॅब वेगळी करायची आहे

पऱ्हाटी
नमस्कार मंडळी. गाव दारव्हा तालुक्यातलं, जिल्हा यवतमाळ. गावात फायबर आल्यापासून घरचं नेट बऱ्यापैकी चालतं. मी नेटवर्किंगचा अभ्यास करतोय. नुसतं वाचून डोक्यात शिरत नाही, म्हणून घरातच छोटी लॅब उभी करायची आहे.

फायबरवाल्याने दिलेला डबा (ओएनटी, वायफाय त्यातच) सपरीत भिंतीवर आहे. सपरीतच वहिनीचं आपले सरकार सेवा केंद्र चालतं: दोन कॉम्प्युटर, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन. सातबारे, उत्पन्नाचे दाखले, जुलैत पीक विम्याची गर्दी. घरातले सगळे मोबाइल आणि टीव्ही त्याच वायफायवर.

माझ्याकडचं सामान: जुना घेतलेला लेनोवोचा मिनी पीसी, त्यावर प्रॉक्समॉक्स (एका पीसीत अनेक व्हर्च्युअल मशिनी चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय. दादाचा रिटायर झालेला लॅपटॉप. आणि ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) चालणारा एक छोटा राउटर. मिनी पीसीवर एक डीएचसीपी-डीएनएसची मशीन (डीएचसीपी उपकरणांना पत्ते वाटतं, डीएनएस साइटच्या नावावरून पत्ता शोधतं), एक विंडोज सर्व्हर डोमेन शिकायला, आणि एक मुद्दाम कच्ची सोडलेली लिनक्स मशीन, हल्ला कसा होतो ते बघायला.

वहिनीची अट एकच. केंद्राच्या वेळात नेट अडकलं तर माझी सगळी डबडी विहिरीत.

तर प्रश्न असा की हा छोटा राउटर ओएनटीच्या मागे लावला की लॅब खरोखर वेगळी होते का? डबल नॅट (एकामागे एक दोन राउटरांनी पत्ते बदलणं) वाईट असं सगळीकडे वाचतो, ते कितपत खरं? आणि लॅब मागच्या जुन्या घरात ठेवायची आहे, मध्ये अंगण आणि गोठा. तिथवर साधी लॅन केबल ओढली तर चालेल ना?

एक_उनाड_पॅकेट
होते, पण केबल कुठल्या भोकात खुपसतोस त्यावर सगळं आहे.

ओएनटीच्या लॅन (आतल्या उपकरणांच्या) पोर्टमधून निघालेली केबल तुझ्या राउटरच्या वॅन (बाहेरच्या नेटच्या) पोर्टला लागली पाहिजे. ती लॅन पोर्टला लावलीस तर तुझा राउटर निव्वळ स्विच होतो आणि दोन डीएचसीपी सर्व्हर एकाच नेटवर्कवर येतात. डीएचसीपीची विचारणा ब्रॉडकास्टने होते: मशीन ओरडते, "मला पत्ता द्या", आणि साधारणपणे ज्याचं उत्तर आधी येतं त्याचा पत्ता घेते. वहिनीच्या कॉम्प्युटरला तुझ्या लॅबने उत्तर दिलं की त्याचा गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, तुझी व्हर्च्युअल मशीन. वायफायच्या काड्या फुल्ल आणि साइट एकही उघडत नाही. विहिरीचं प्रकरण तिथेच सुरू होतं. वॅन पोर्टातून घेतलंस तर मध्ये राउटर उभा राहतो आणि राउटर ब्रॉडकास्ट पलीकडे जाऊ देत नाही. लॅबमध्ये किती का डीएचसीपी सर्व्हर चालव, सपरीला पत्ता लागणार नाही.

दुसरी गोष्ट, दोन्हीकडची पत्त्यांची रेंज वेगळी हवी. ओपनडब्ल्यूआरटीचा कोरा पत्ता १९२.१६८.१.१ असतो आणि बऱ्याच ओएनटींचाही तोच. दोन्ही बाजूंना तेच नेटवर्क दिसलं की राउटरला कळत नाही की १९२.१६८.१.१ म्हणजे तो स्वतः की पलीकडचा. म्हणून वॅनची केबल लावायच्या आधी, लॅपटॉप थेट राउटरला जोडून, लॅनचा पत्ता बदल. १०.२०.३०.१ दे आणि मास्क २५५.२५५.२५५.०. खासगी वापरासाठी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटचं नियमपत्रक) तीन पट्टे राखून ठेवलेत: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८ वाले. घरगुती डबे बहुतेक तिसऱ्यात राहतात, म्हणून लॅब पहिल्यात ने. पुढेमागे कोणाकडे व्हीपीएनने जोडायचं झालं तरी टक्कर कमी होते.

शंकासुर
एवढा खटाटोप कशाला? ओएनटीत गेस्ट वायफाय असतं, ते चालू करा, लॅब त्यावर टाका. डबल नॅट म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. गेम चालत नाहीत, पोर्ट उघडत नाहीत, व्हिडिओ कॉल अडखळतात.

बिनतारी
शंकासुर, गेस्ट वायफाय पाहुण्यांच्या मोबाइलसाठी ठीक. त्याच्याकडे केबलवर चालणारा मिनी पीसी आहे, ओएनटीच्या लॅन पोर्टांना गेस्टचं कुंपण बहुतेक ठिकाणी लागू होत नाही. शिवाय गेस्टमध्ये उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत, आणि लॅबमध्ये तर एकमेकांशी बोलणं हेच काम. तिथे स्वतःचा डीएचसीपी चालवायचा, रूट टाकायचे, हे गेस्टमध्ये कसं करणार?

डबल नॅटचा बाऊ जरा जास्तच केला जातो. आतून बाहेर जाणाऱ्या कामाला, म्हणजे साइट, अपडेट, व्हिडिओ, कॉल यांना, दोन नॅट असले तरी फरक जाणवत नाही. अडतं ते बाहेरून आत यायला, कारण पोर्ट दोन ठिकाणी उघडावा लागतो. काही गेम कुरकुर करतात, ते बरोबर.

पऱ्हाटी, आधी एक बघ. ओएनटीच्या पानावर लॉगिन करून स्टेटसमध्ये वॅनचा आयपी वाच. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला निघाला तर तुझ्या घरी डबल नॅट आधीपासूनच आहे. हा पट्टा २०१२ साली आरएफसी ६५९८ ने खास कंपन्यांच्या मोठ्या नॅटसाठी दिला, त्याला सीजीनॅट म्हणतात. आयपीव्ही४ चे पत्ते पुरत नाहीत, मग अनेक घरं एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात.

पऱ्हाटी
ताई, पाहिलं. १००.८० ने सुरू होतो. म्हणजे माझा राउटर लागला की तिबल होणार.

शंकासुर
तिबल! धन्य आहे. बरं, मग माझा पोर्टांचा मुद्दा आपोआपच बाद झाला म्हणायचा. ओएनटीत पोर्ट उघडूनही कोणी आत येणार नाही.

एक_उनाड_पॅकेट
बाद झाला. बाहेरून आत यायचं ते पुढे बघू.

त्याआधी, या धाग्यात अजून कोणीच न बोललेली गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. पऱ्हाटीने विचारलं, लॅब "खरोखर" वेगळी होते का. उत्तर आहे, अर्धी.

सपरी आणि माजघर डोळ्यासमोर आण. ओएनटीचं नेटवर्क सपरी, तुझ्या राउटरमागचं माजघर. सपरीत बसलेला माणूस परस्पर माजघरात शिरू शकत नाही, दार आतून लावलेलं. पण माजघरातला माणूस कधीही कडी काढून सपरीत येतो, कोणी हटकत नाही. तुझा राउटर नेमका असाच वागतो. सपरीतून लॅबमध्ये आपणहून आलेलं कनेक्शन तो टाकून देतो. लॅबमधून सपरीकडे निघालेलं मात्र बिनबोभाट जाऊ देतो, कारण त्याच्या लेखी वॅनकडचं सगळं "इंटरनेट", आणि वहिनीचा १९२.१६८.१.२० वाला कॉम्प्युटर पण त्यातच आला.

आता बघ तू काय मांडतोयस. कच्ची सोडलेली मशीन, हल्ल्याचा सराव, सगळं माजघरात. आणि लोकांचे आधार, बँकेचे तपशील ज्यावर टाइप होतात तो कॉम्प्युटर सपरीत. म्हणजे दुसऱ्या राउटरने घरापासून लॅबला वाचवलं. लॅबपासून घराला वाचवलंच नाही. नेटवर सापडणाऱ्या बऱ्याच माहितीत "दुसरा राउटर लावा, सुरक्षित व्हा" एवढंच असतं. कोण कोणापासून, ते कोणी सांगत नाही.

इलाज सोपा आहे आणि ओपनडब्ल्यूआरटीत फुकट आहे. फायरवॉलच्या ट्रॅफिक रूल्समध्ये एक नियम: उगम लॅन झोन, मुक्काम वॅन झोन, मुक्कामाचा पत्ता १९२.१६८.१.०/२४, प्रोटोकॉल सगळे, कृती रिजेक्ट. झालं.

लोक इथे विचारतात की अख्खं १९२.१६८.१ बंद केलं तर नेट कसं चालेल, गेटवे तर १९२.१६८.१.१ आहे. चालतं. पॅकेटवर मुक्कामाचा पत्ता बाहेरच्या सर्व्हरचा असतो, ओएनटी ही फक्त वाटेतली चौकी. नियम मुक्काम बघतो, वाट बघत नाही. नाव शोधायचं कामही अडत नाही, कारण लॅबच्या मशिनी डीएनएस तुझ्या राउटरला विचारतात आणि पुढे तो स्वतः विचारतो. स्वतः राउटरने पाठवलेली पॅकेटं या नियमात येतच नाहीत. हां, एखाद्या मशीनमध्ये तू हाताने १९२.१६८.१.१ डीएनएस म्हणून लिहिलंस तर ती मशीन मुकी होईल.

फायदा आणखी एक, लॅबमधून ओएनटीचं लॉगिन पानही दिसेनासं होतं. ते पान कच्च्या मशीनला दिसायचं काही कारणच नाही.

शंकासुर
हे पटलं. पण मग उलटं का नाही करत? लॅब ओएनटीला थेट आणि घर दुसऱ्या राउटरमागे. घर आपोआप माजघरात.

एक_उनाड_पॅकेट
करता येतं, आणि एका अर्थाने तेच जास्त शुद्ध. अजून शुद्ध हवं तर तीन राउटर: पुढे ओएनटी, मागे दोन फांद्या, एकीत घर, एकीत लॅब. पण तुझ्या पद्धतीत वहिनीचा कॉम्प्युटर, प्रिंटर, टीव्ही, सासऱ्यांचा मोबाइल, सगळं हलवावं लागेल. शिवाय लॅब ओएनटीच्या नेटवर्कात बसली की ब्रॉडकास्ट आणि डीएचसीपीचा खेळ तिथे करायचा नाही, मग लॅब कसली. केंद्र चालू असताना चालत्या गाडीचं चाक बदलू नये. पऱ्हाटीने एक नियम टाकावा आणि घराला हात लावू नये.

बिनतारी
नियमात दोन फटी राहतात, त्या सांगते. आमच्याकडे मुलांच्या प्रात्यक्षिकात नेहमी दिसतात.

एक, वायफाय. मिनी पीसीला किंवा त्या जुन्या लॅपटॉपला केबल लॅबची आणि वायफाय घरचं, असं कधीतरी जोडलेलं असतं आणि पासवर्ड जतन झालेला असतो. मग ती मशीन दोन्हीकडे उभी, राउटरला वळसा घालून. सगळे नियम कागदावर. लॅबच्या प्रत्येक मशीनमधून घरच्या वायफायचा पासवर्ड पुसून टाक, मिनी पीसीचं वायफाय तर बायोसमधूनच बंद कर.

दोन, आयपीव्ही६. वरचा नियम आयपीव्ही४ च्या पत्त्यांचा आहे. ओएनटी आयपीव्ही६ वाटत असेल आणि तुझा राउटर ते पुढे रिले करत असेल, तर लॅबची मशीन घरच्या मशीनशी त्या वाटेने बोलू शकते आणि तुझा नियम बघत बसतो. सुरुवातीला लॅबच्या लॅनवर आयपीव्ही६ बंदच ठेव. तो स्वतंत्र अभ्यास आहे, नंतर कर.

आणखी: प्रॉक्समॉक्स आधी ओएनटीला लावून इन्स्टॉल केलंस ना? मग त्याचा पत्ता १९२.१६८.१ मधला असेल आणि तो स्थिर असतो, नवीन राउटरमागे नेला म्हणून आपोआप बदलणार नाही. ८००६ पोर्टवालं पान उघडेना म्हणून लोक पुन्हा इन्स्टॉल करतात. गरज नाही. स्क्रीन-कीबोर्ड जोड, नेटवर्क इंटरफेसच्या फाइलमध्ये पत्ता आणि गेटवे बदल, होस्ट्सच्या फाइलमधलाही जुना पत्ता बदल (हा विसरला जातो), डीएनएस बघ, रीबूट कर.

पऱ्हाटी
हो ताई, ओएनटीलाच लावून टाकलं होतं. बरं झालं सांगितलं.

लॅब दिसायची कशी ते विचारायचं राहिलं. मी संध्याकाळी सपरीत बसतो, तिथून प्रॉक्समॉक्सचं पान उघडायचं आहे. आणि क्लाससाठी नागपूरला असतो तेव्हा तिथूनही.

एक_उनाड_पॅकेट
सपरीतून: सगळ्यात बिनत्रासाचं म्हणजे तुझ्या राउटरचं स्वतःचं वायफाय चालू कर, नाव वेगळं, आणि अभ्यासाचा लॅपटॉप त्यावर ठेव. चॅनल मात्र ओएनटीपेक्षा वेगळा, २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ यापैकी. जुन्या घरातून सपरीपर्यंत सिग्नल आला नाही तर राउटरच सपरीत ठेव आणि त्याच्या लॅनची केबल मागे ने.

पोर्ट फॉरवर्डही करता येतो. ओएनटीत तुझ्या राउटरचा पत्ता डीएचसीपी रिझर्व्हेशनने पक्का कर, मग राउटरवर ८००६ आतल्या मशीनकडे वळव. पण मग तो दरवाजा घरातल्या प्रत्येक मोबाइलला उघडा.

तिसरं, ओएनटीत स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेली वाट) टाकून तुझ्या राउटरचं नॅट बंद करणं. पुस्तकात छान दिसतं. प्रत्यक्षात ओएनटीची सेटिंग कंपनी टीआर-०६९ ने लांबून बदलू शकते, एका अपडेटनंतर तुझा रूट गायब. परक्याच्या डब्यात जितकं कमी लिहिशील तितकं बरं.

नागपूरहून: सीजीनॅटमुळे स्वतःचा वायरगार्ड (व्हीपीएनचा एक प्रकार) सर्व्हर घरी ठेवून भागणार नाही, बाहेरून त्याला गाठायला पत्ताच नाही. एकतर बाहेर छोटा भाड्याचा सर्व्हर घे आणि घरून त्याला वायरगार्डने धरून ठेव, नाहीतर टेलस्केल किंवा झीरोटियर वापर. ते दोन्हीकडून बाहेर पडून मध्ये गाठ घालतात आणि जमलंच नाही तर रिलेवरून नेतात. टेलस्केलचे पत्तेही त्याच १००.६४ च्या पट्ट्यातले असतात, ते बघून घाबरू नकोस.

टेलस्केल फक्त एका मशीनवर टाक. कच्च्या मशीनवर मुळीच नाही.

बिनतारी
पुढे पीएफसेन्स (फायरवॉल-राउटरचं सॉफ्टवेअर) व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकून बघशील तेव्हासाठी: त्याच्या वॅन इंटरफेसवर खासगी पत्ते अडवायची खूण इन्स्टॉलपासून लागलेली असते. तुझ्याकडे त्याच्या वॅनवर खासगी पत्तेच येणार. आतून बाहेर जाणारं चालतं, पण वॅनच्या बाजूने त्याचं काही उघडायला गेलास की बसतं. ती खूण काढावी लागते.

खारपाण
पऱ्हाटी भाऊ, मी दर्यापूरकडचा. तुमचं आयपी-फायपी सगळं वाचून रायलो, छान चालू हाय. पण तुह्या पहिल्या पोस्टमधल्या शेवटच्या प्रश्नाले कोणी हातच नाई लावला. अंगणातून लॅन केबल.

नको टाकू. शंभर मीटरच्या आत असन, चालन बी. पण मृगाच्या आधीचे जे वादळं येतात आपल्याइकडं, दुपारी चार वाजता आभाळ काळं होते अन् कडाडते, त्यात दोन घराइच्या मधात टांगलेली तांब्याची तार म्हणजे निमंत्रण हाय. वीज थेट केबलवर पडाची गरज नाई. शेजारच्या कडुलिंबावर पडली तरी त्या तारेत झटका उतरते अन् दोन्ही टोकाचे पोर्ट एका झटक्यात मरतात. एका टोकाले तुहा मिनी पीसी, दुसऱ्या टोकाले ओएनटी, अन् ओएनटीच्या मांगं वहिनीचं केंद्र. ते फायरवॉलचा रूल काय करन त्याले?

दोन घरं जोडाचे असन तर काच, म्हंजे फायबर टाक. फायबरवाल्याचा पोरगा ड्रॉप केबल जोडून देते, मशीन त्याच्याजवळ राह्यतेच. दोन टोकाले मीडिया कन्व्हर्टर, म्हंजे फायबरचं लॅन करणारे डबे. हे जोडीनं येतात, एक ए अन् एक बी, एकाचा पाठवाचा रंग दुसऱ्याचा घ्याचा, १३१० अन् १५५०. दोन ए घेऊन आला तर लाइट लागणार नाई अन् तू रात्रभर केबलले शिव्या देशीन. कनेक्टर बी पाहजो. ओएनटीत हिरवा असते, तो तिरपा घासलेला. कन्व्हर्टरले बहुतेक निळा लागते, सरळ. हिरव्यात निळा खुपसू नको, घुसते, पण मधात फट राह्यते अन् सिग्नल पडते.

अन् त्या ड्रॉप केबलले आधाराले स्टीलची तार असते. ती घराच्या बाहेरच खुंटीले बांधून तोडजो, आत कन्व्हर्टरपर्यंत नेली तर काच टाकून काय फायदा?

पऱ्हाटी
काका, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. वायरलेस पॉइंट-टू-पॉइंट लावलं तर?

खारपाण
चालते. पण छपरावर पोल येते, पोलवर पुन्हा तांब्याची तार उतरते. अन् वानरं. आमच्या इथं टोळी आली का डिश धरून झोके घेते. फायबर बी ओढतात म्हणा, पण ते तुटलं तर पुढचं जळत नाई.

आणखी एक, उन्हाळ्याचं. पारा ४५ च्या वर गेला का माणूस मिनी पीसी कूलरच्या झोतात ठेवते, बिचाऱ्याले गरम होते म्हणून. आमचा खारपाणपट्टा, बोअरचं पाणी खारं. कूलरच्या गवतावर जशी पांढरी पापडी चढते तशीच ती पंख्यावर अन् पोर्टात चढते. एका दुकानदाराचं मशीन मी उघडलं होतं, लॅन पोर्टाच्या सोनेरी पट्ट्या हिरव्या झालेल्या. तुह्याकडं पाणी गोडं असन, तरी ओल ते ओलच. कूलरच्या खोलीत ठेव, झोतात नको. अन् टिनाखाली तर अजिबात नको, मातीच्या भिंतीच्या खोलीत ठेव, तिथं दुपारी बी बरं राह्यते.

गोठ्यातला_सर्व्हर
माझं नाव वाचून सल्ला घेऊ नका. खारपाण काकांचं ऐका. गोठ्यात भुसा उडतो आणि पंखा तीन महिन्यांत जाम होतो.

शंकासुर
लॅब जुन्या घरातच का पण? माजघराच्या कोपऱ्यात टेबलाखाली ठेवा, केबल पाच मीटर. कन्व्हर्टर नको, काच नको, वानरं नको.

पऱ्हाटी
आवाजामुळे म्हणत होतो, पण मिनी पीसीचा आवाज तसा नाहीच. शंकासुर दादांनी पहिल्यांदाच काहीतरी सोपं सांगितलं. आतच ठेवतो.

पाय-होलबद्दल विचारायचं होतं. जाहिराती अडवायला ते लॅबमध्ये बसवणारच आहे. अख्ख्या घराचा डीएनएस तिकडे वळवू का?

एक_उनाड_पॅकेट
नको रे बाबा. इतका वेळ आपण लॅब पडली तरी घर पडू नये यासाठी भिंत बांधली. घराचा डीएनएस लॅबमध्ये नेलास की भिंतीला तूच खिंडार पाडलंस. तू रात्री प्रॉक्समॉक्स अपडेट करणार, सकाळी मशीन वर आली नाही, आणि दाखल्यासाठी दहा माणसं ओट्यावर. शिवाय सरकारी पोर्टलांची पानं कुठल्या कुठल्या नावांवरून सामान ओढतात ते आधी कळत नाही, पाय-होलने एखादं अडवलं की अर्ज अर्ध्यात थांबतो आणि कारण सापडत नाही. लॅबपुरतं वापर.

बिनतारी
शंभर टक्के सहमत. घरातल्यांनाच हवं असेल तर मोबाइलच्या प्रायव्हेट डीएनएसमध्ये जाहिराती अडवणाऱ्या एखाद्या सेवेचं नाव टाकून दे, ज्याचं त्याच्यापुरतं.

पऱ्हाटी
काम झालं, तपशील टाकतो. पुढच्याला उपयोग होईल.

राउटर माजघरात. लॅन १०.२०.३०.१. आधी पत्ता बदलला, मग वॅनची केबल लावली. वायफायचं नाव वेगळं, चॅनल ११, ओएनटी १ वर आहे. प्रॉक्समॉक्सच्या दोन्ही फाइली बदलल्या, पान उघडलं. लॅबमधून ट्रेसराउट (पॅकेट कुठून कुठून जातं ते दाखवणारी आज्ञा) केलं तर पहिली उडी १०.२०.३०.१, दुसरी १९२.१६८.१.१, तिसरी १०० वाली. तिन्ही नॅट ओळीने उभे दिसतात, वहीत चिकटवलंय.

नियम टाकायच्या आधी कच्च्या मशीनवरून वहिनीच्या प्रिंटरला पिंग केलं. उत्तर आलं, चटकन. प्रिंटरचं पानसुद्धा उघडलं, कुठला पासवर्ड न विचारता, आणि त्यावर शेवटच्या छपाईची नावं. उनाड पॅकेट दादा अर्धी वेगळी म्हणाले होते ते काय, ते तेव्हा कळलं. नियम टाकल्यावर पिंग बंद, पान बंद, बाहेरचं नेट चालू. ओएनटीचं पानही लॅबमधून दिसत नाही. आयपीव्ही६ लॅबमध्ये बंद.

मग मुद्दाम लॅबमध्ये दुसरा डीएचसीपी चालू करून सपरीतले मोबाइल वायफायवरून काढून पुन्हा जोडले. सगळ्यांना १९२.१६८.१ चेच पत्ते. वहिनीला दाखवलं. ती म्हणाली, "तुझं चालू दे, पण प्रिंटरला पासवर्ड लाव आधी." लावला.

शेवटचं एक. लाइट गेली की ओएनटी आणि राउटर दोन्ही चालू राहावेत म्हणून १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्यायचा आहे. एकावर दोन्ही चालतील का?

खारपाण
आधी दोघाइच्या बुडावरचं स्टिकर वाच. ओएनटी बहुतेक १२ व्होल्टचा, पण लहान राउटर कितीक ९ व्होल्टचे असतात अन् पिन तीच बसते. ९ वाल्याले १२ देल्ले तर पाहत बसशीन. यूपीएसले ९ अन् १२ असे येगयेगळे आउटपुट असन तो घे. मधला टोक पॉझिटिव्ह हाय का ते चित्र बी पाहजो. अन् दोघाइचे वॅट, म्हंजे व्होल्ट गुणिले अँपिअर, जोडून पाह्य, यूपीएसच्या वॅटपेक्षा कमी पाह्यजे.

एक_उनाड_पॅकेट
मिनी पीसी त्यावर चालणार नाही, त्याला २० व्होल्ट लागतात. त्यासाठी इन्व्हर्टरवरचा पॉइंट घे, किंवा जाऊ दे बंद. बायोसमध्ये लाइट आल्यावर आपोआप सुरू व्हायची सेटिंग असते, ती लाव, आणि प्रॉक्समॉक्समध्ये डीएचसीपी-डीएनएसच्या मशीनला बूटबरोबर सुरू व्हायला सांग. कच्च्या मशीनला सांगू नकोस, ती तू समोर असतानाच चालू कर.

पऱ्हाटी
राउटर ९ चा निघाला, ०.६ अँपिअर. ओएनटी १२ चा, १ अँपिअर. दोन आउटपुटवाला यूपीएस दारव्ह्याच्या दुकानात आहे म्हणतात, सोमवारी बाजाराला जातो तेव्हा स्टिकरचा फोटो घेऊन जाईन.